विहिरीवर ‘ने’ कोण म्हणणार?

हिरा गेली ती सकाळी, हॉस्पिटलात, मी खाली चहा प्यायला उतरलो होतो तेव्हा. थोरला मुलगा जिन्यानं खाली आला, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, “बोल ना, बोलून टाक.” त्याला बोलता येईना... तेव्हा समजलं. त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, हळू आवाजात बोलतात, “फार सोशिक होती हो तुमची बायको,” असं म्हणतात. कोण सोशिक? हिरा? जिनं हाक मारली की पलीकडच्या आळीतली कुत्री उठायची, ती? माझ्या बायकोबद्दल कोणी खोटं बोललेलं मला खपत नाही, म्हणून मी स्वतःच लिहायला बसलो आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

ती मिठागरावरची पोर. बाप मीठ ओढायचा, त्याच्याबरोबर हीही ओढायची. रंगानं काळी, चांगली काळी. मला दाखवायला आणली तेव्हा माझी आत्या तिच्या तोंडावर म्हणाली, “पोर कष्टाची हाय, पन रंग बगा कसा.” दुसरी असती तर मान खाली घालून बसली असती. हिरा म्हणाली, “आत्ये, उनात तुमी उभ्या राहा, मी सावलीत बसतंय. वर्साभरानं रंग बगू.” माझं लग्न तिथंच ठरलं. आम्ही चंदनसार गावचे, खाडीकडची भातशेती होती आमची. हिरा सासरी आली आणि शेती, म्हशी, पोरं सांभाळता सांभाळता माझ्या चुलतीकडून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, शिकली. बाहेरच्या वाचकांना सांगतो, धवलारीण म्हणजे आमच्या आगरी लग्नात भटजीच्या मानानं बसणारी बाई. ती गाते तेव्हा लग्न लागतं. हिरा गायला लागली की बेंजोवाली पोरं आपणहून वाद्यं खाली ठेवायची, आणि ती पोरं कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत!

आमच्या पाड्याची एक रीत आहे. हळदीच्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचं पाणी गावदेवीच्या बाजूच्या विहिरीतूनच यायला हवं, आणि ते मागून आणायचं. धवलारीण विहिरीच्या काठावर सुपारी ठेवते आणि तीनदा विचारते, “पानी नेऊ का?” विहिरीच्या घरचं माणूस तिथं उभं असतं, ते म्हणतं, “ने.” मगच कळशी आत सोडायची. न मागता घेतलेल्या पाण्यानं नवरी न्हाली तर संसार उसना होतो, असं आमच्यात म्हणतात. पूर्वी ती विहीर आमच्याच भावकीची, त्यामुळे माझी मोठी वहिनी पदर खोचून उभी राहायची, ‘ने’ म्हणायची आणि वर पानाचा विडा मागून घ्यायची.

मग बिल्डर आले. भावकीनं जमीन दिली, सगळ्यांनीच दिली, त्यात नवल नाही. कागद करताना म्हातारे अडून बसले, गावदेवीची जागा सोडायची, देवीला हात लावायचा नाही. बिल्डर हो म्हणाला. विहिरीचं कोणी बोललंच नाही! आमच्या लोकांना वाटलं, देवी जिथं तिथं तिचं पाणी, ते वेगळं काय लिहायचं? विहीर पण विकली जाते हे आमच्या बापजाद्यांना माहीतच नव्हतं. टॉवर उभा राहिला, कंपाउंडची भिंत आली, ती देवीच्या मागून गेली. देवी बाहेर, विहीर आत. आम्ही उरलेल्या तुकड्यावर बैठी चाळ बांधली आणि खोल्या भाड्यानं दिल्या. टॉवरमधले लोक मुंबईला कामाला जाणारे, आपलेच मराठी बरेचसे, कोकणातले, देशावरचे. पण गेटवरून ते आमच्याकडे बघायचे ते पाहुण्यासारखे नाही, फेरीवाल्याकडे बघावं तसे.

त्याच दिवसांत ब्लेसिंग आमच्या चाळीत आली. नायजेरियाची बाई, तिशीतली, इथं कपड्याचा माल घेऊन तिच्या देशी पाठवायची. कागदपत्रं सगळी हातात घेऊन फिरत होती, पण एकही सोसायटी तिला खोली देईना. पाड्यातले चार लोक माझ्याकडे आले, म्हणाले, “हबशीला ठेवशील तर चाळीचं नाव जाईल.” मी काही बोलायच्या आत हिरा आतून कढईसकट बाहेर आली. “चाळीला नाव कधी होतं रं? आनि काय म्हनतंस, काळी हाय? मंग मला पन काढा घरातनं. दोगी मिळून जाऊ, सोबत होईल.” लोक गेले. ब्लेसिंगला काही कळलं नव्हतं, कढई तेवढी कळली. ती हसली, तशी हिराही हसली. दोघींची भाषा एक नाही, पण दुपारी दारात बसून सुकटीची डोकी मोडताना तासन्‌तास बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे! मी विचारलं तर हिरा म्हणायची, “तुमाला काय करायचंय? बायांचं हाय.”

पुढं टॉवरमधल्या एका फ्लॅटचा मालक परदेशी गेला. त्याला भाडेकरू मिळेना म्हणून त्यानं ब्लेसिंगला ठेवलं. सोसायटीच्या कमिटीनं अट घातली की पाहुणे आणायचे नाहीत, आणलेत तर जागा सोडावी लागेल. ती बिचारी मान्य करून राहिली. लिफ्टमध्ये ती शिरली की बाकीचे पुढच्या लिफ्टची वाट बघायचे, असं तिनंच हिराला मोडक्या हिंदीत सांगितलं होतं. हिरा म्हणाली, “बरं हाय की, अख्खी लिफ्ट तुझी!”

आणि मग आमच्या नातीचं, प्रणालीचं लग्न निघालं. अहो, काय दिवस होता तो! आजही आठवलं की अंगात वारं भरतं. हिरा हिरव्या लुगड्यात, डोक्यात अबोली, डोक्यावर तांब्याची कळशी. मागं पाड्यातल्या सगळ्या बाया, त्यांच्या मागं बेंजो, आणि सगळ्यांच्या मागं आम्ही म्हातारे, नाचता येत नाही तरी हात वर करून चाललेले. वाजतगाजत टॉवरच्या गेटवर गेलो. गेट बंद! वॉचमन तिवारी, भला माणूस, हात जोडून उभा. “अम्मा, बिना परमिशन छोडूंगा तो नौकरी जाएगी।” हिरा म्हणाली, “तुझी नोकरी मला नको रे बाबा, पानी पायजे.” तेवढ्यात सेक्रेटरी साहेब खाली आले. सज्जन, चष्मा, अगदी पुस्तकासारखं बोलणं. “आजी, आम्ही तुमच्या भावना समजतो. पण कंपाउंडमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही. पाणीच हवं असेल तर मी बिसलेरीचा जार देतो.”

हिरानं कळशी खाली ठेवली. “साहेब, बिसलेरीनं नवरी न्हाली तर पोरं काय बाटलीत होतील?”

अख्खी गॅलरी हसली! वरच्या मजल्यांवर बाया, पोरं, सगळे वाकून बघायला लागले होते. सेक्रेटरींचे कान लाल झाले, पण गेट काही उघडेना. इकडं हळदीची वेळ टळत चाललेली. प्रणाली घरी पाटावर बसून राहिलेली, अंगाला पिवळा ठिपका नाही. आमची पोरं तापली, दोघं तर गेटवर चढायलाच निघाली. तशी हिरा ओरडली, “उतर खाली, मेल्या! गेट मोडून आनलेलं पानी चोरीचं. माझ्या नातीला चोरीचं पानी घालतंस?” आता काय करायचं? मोडायचं नाही, परतायचं नाही. तिला कोणीतरी ‘ने’ म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारं माणूस भिंतीच्या आतलंच लागणार होतं. माझी वहिनी जाऊन वर्षं झाली होती... हिरा तिथंच रस्त्यावर फतकल मारून बसली. तिचा चेहरा मी ओळखतो. ती घाबरली होती.

आणि आतून चपलांचा फटफट आवाज आला. ब्लेसिंग! डोक्याला फडकं बांधलेलं, हातात फोन, धावत खाली आलेली. तिवारीला म्हणाली, “मेरा गेस्ट है। सब।” तिवारी सेक्रेटरींकडे बघायला लागला. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तुम्हाला अट माहीत आहे ना? आणि हे सगळे?” ती हिराकडे बोट करून म्हणाली, “मम्मा का फॅमिली। मेरा फॅमिली।” तिवारीच्या फोनवर ते पाहुण्याचं येतं ना, ‘आत सोडायचं का’ असं विचारणारं, ते त्यानं पाठवलं, तिनं सगळ्यांसमोर आपल्या फोनवर बोटानं ‘हो’ दाबलं, आणि गेट उघडलं. बेंजोवाल्यांनी जो काय ठेका धरला, टॉवरच्या काचा थरथरल्या!

विहिरीवर गेलो तर आमच्याच म्हाताऱ्या कुरकुरायला लागल्या. ‘ने’ आता कोण म्हणणार? ही? परदेशी, परधर्माची, काळी... हिरानं सुपारी ठेवता ठेवता मागं वळून बघितलं. “जो पान्यावर राहतो त्याचं पानी. तुमी विकलंत ना? मंग गप रावा.” मग ब्लेसिंगला जवळ घेऊन कानात काहीतरी सांगितलं, आणि विचारलं, “पानी नेऊ का?” ब्लेसिंग ओरडली, “ने!” इतक्या जोरात की पारवे उडाले. तीनदा विचारलं, तीनदा ‘ने’. तिसऱ्यांदा तिला रडू आलं, हिराला हसू आलं आणि मला दोन्ही. हिरानं तिच्या गालाला हळद फासली. मग वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन बायाही हळूच खाली आल्या, गाल पुढं करून. हिरानं फासली. सेक्रेटरी साहेब लांब उभे होते. त्यांना फासली नाही. म्हणाली, “त्यांनी मागितली नाय.”

कमिटीनं ब्लेसिंगला फ्लॅट सोडायला लावला. अट म्हणजे अट. हिरानं आमची शेवटची खोली रिकामी करून तिचं सामान स्वतः उचलून आणलं, तिला एकही पिशवी उचलू दिली नाही. आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसली, कुलूप लागलं. मुलं पडतील म्हणून, असं सांगितलं. हिरा भिंतीजवळून जाताना जाळीकडे बघायची, बोलायची नाही. तिचं न बोलणं मला तिच्या ओरडण्यापेक्षा जड जायचं.

तर हिरा गेली त्या सकाळी तिला हॉस्पिटलातून घरी आणली. शेवटची आंघोळ घालायची वेळ आली. थोरला म्हणाला, “आबा, नळाचं पाणी चालेल. आज गेटवर तमाशा नको.” मी म्हटलं, “माझी बायको धवलारीण होती. तिला मी नळाखाली धरू?” कळशी घेतली आणि निघालो. मागून ब्लेसिंग आली, न बोलवता. गेटवर सेक्रेटरी साहेब होते, ऑफिसला निघालेले, खांद्याला बॅग. मला बघितलं, कळशी बघितली. तसेच परत वर गेले आणि चावी घेऊन आले. स्वतः जाळी उघडली. मी काठावर सुपारी ठेवली. पुरुषानं विचारायची रीत नाही, पण विचारणारी घरी निजली होती. म्हटलं, “पानी नेऊ का?” ते म्हणाले, “अहो घ्या ना काका, विचारताय काय...” मी तसाच उभा. परत विचारलं. ते गोंधळले, डोळे पाण्यानं भरलेले. तेव्हा ब्लेसिंग हळूच म्हणाली, “साब, ‘ने’ बोलो।”

“ने,” सेक्रेटरी म्हणाले.

त्या पाण्यानं हिरा न्हाली.

आता जाळीला कुलूप नाही. मी रोज सकाळी एक कळशी आणतो. घरात नळ आहे, पाण्याची गरज नाही, तरी आणतो, आणि हिरा ज्या कोपऱ्यात बसून पानाचा डबा उघडायची तिथं ठेवतो. तिवारी गावी गेला. नवीन वॉचमन कडक आहे, मला ओळखत नाही. रोज विचारतो, “किसके यहाँ जाना है?” मी सेक्रेटरींचं नाव सांगतो. मग वर त्यांचा फोन वाजतो, आणि तो माणूस अर्ध्या झोपेत, दात घासता घासता, कधी नुसत्या टॉवेलवर, बोट पुढं करून ‘हो’ दाबतो. रोज. हिराला हे फार आवडलं असतं. मी उद्या अजून लवकर जाणार आहे.