उभ्या आक्का

आक्कांना आमच्या गल्लीत कुणी बसलेलं पाहिलं नाही. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. चहाही दारातच, उभ्याने. बोलता बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. त्यांच्याकडे बघून मला उगीचच वाटायचं, गॅसवर काहीतरी राहिलंय.

गडमुडशिंगीत गरोदर बायकांची आणि लेकुरवाळ्यांची व्यसनं सोडवायला एक गट चालतो, त्याचं काम त्या बघायच्या. व्यसन बहुतेक मिसरीचं. काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांना लावायची आणि त्याला दात घासणं म्हणायचं. एक-दोघी दारू सोडायला यायच्या. त्यांना आक्का चारचौघींत काही विचारत नसत. आमच्याकडे त्या वहिनीसाठी आल्या. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं आणि गेलं. डॉक्टरांनी मिसरीचं नाव घेतलं होतं, घरात ते परत कुणी घेतलं नाही. आता ती पुन्हा गरोदर होती आणि डबी तिच्या उशाखाली होती. ती डबी आईच भरायची.

पहिल्याच दिवशी आईने सुनावलं. “आमी तिन्ही बाळंतपणं मिसरी लावूनच काढली. आनी तिला डोहाळा लागलाय मिसरीचा. पोटुशीला न्हाय म्हनू ने.”

आक्का म्हणाल्या, “डोहाळा बाळंत झाल्यावर जातोय, मावशी. तुमचा थोरल्याच्या वक्ताला लागलेला, अजून गेला न्हाय व्हय?”

वहिनी पदराआड हसली. आई तडक आत गेली. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. ही मुकी हाय काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आतूनच उत्तर आलं, “इंग्लिश शाळंत शिकल्याली हाय.”

दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा दारात हजर. गट जेवणानंतर समाजमंदिरात जमायचा, कारण तीच मिसरीची वेळ. तिथे भाषण वगैरे काही नसायचं. भुईमुगाच्या शेंगांचं पोतं मध्ये ओतलेलं असायचं आणि बायका शेंगा फोडत बोलत असायच्या. “बोट रिकामं ऱ्हायलं की त्वांडात जातंय,” असं आक्कांचं म्हणणं. वहिनी आधी नाइलाजाने गेली, मग स्वतःहून जाऊ लागली. सोबत म्हणून मीही जायची. आक्का सगळ्यांभोवती फिरत राहायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, तुम्ही बसत का नाही?

“बसलं की हात कमरंला जातोय, डबी चाचपाया,” त्या म्हणाल्या. “डबी टाकून वर्सं झाली. हात जातोयच.”

सातवा लागला तशी वहिनी बिथरली. रात्री झोप नाही, दिवसा कुणाशी बोलणं नाही. एका दुपारी ती न्हाणीत दार लावून बसली आणि बाहेर आली ती काळे दात घेऊन, रडत. आक्का आल्या, तिच्या तोंडाकडे पाहिलं, म्हणाल्या, “लावलीस व्हय? मी बी परत लावलीती, दोनदा. चल, चूळ भर.” मग तिला घेऊन परसात येरझाऱ्या घालू लागल्या. म्हशीचा भाव, मालिकेतली सासू, स्वतःच्या जावयाचं घोरणं, काय वाटेल ते बोलत होत्या. “तलफ एकटं मानूस बघून येती,” त्या वहिनीला सांगत होत्या. “कोन तरी बोलत असलं की कटाळून जाती बघ.” आई खिडकीत उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने वहिनीची डबी भरली नाही. स्वतःची मात्र भरली.

बाळंतपणाच्या आधीच आक्कांना शिरोली एमआयडीसीकडच्या वस्तीत काम दिलं. निरोपाला आल्या त्याही उभ्याउभ्याच, एक पाय उंबऱ्याबाहेर. आईला म्हणाल्या, “खरा धोका बाळंत झाल्यावर हाय, मावशी. आनून देनाऱ्या लई असत्यात.” आक्का कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या, काहीतरी सांगायचं होतं, पण तसंच हात हलवून गेल्या.

मुलगी झाली. दिवस भरून, चांगल्या वजनाची. पाचवीच्या पूजेला शेजारच्या काकी कागदाच्या पुडीत मिसरी घेऊन आल्या. बाळंतिणीच्या दातांना थंडी धरते, म्हणाल्या. वहिनी पुडीकडे पाहत राहिली. बाळ मांडीवर, पण नजर पुडीवरून हलेना.

“आमच्या घरात कोन लावत न्हाय ते,” आई म्हणाली.

काकी हसल्या. “आनी तू गं?”

“मी बी न्हाय.”

सकाळीच तिने लावली होती, हे वहिनीला माहीत होतं, मलाही. काकींनी पुडी उचलली. वहिनीने मान खाली घालून बाळाचं टोपरं सारखं केलं.

संध्याकाळी दिवे लागले तरी आई स्वयंपाकघरात नव्हती. परसात सापडली. चुलीतल्या राखेत तिची डबी उघडी पडलेली. ती भिंतीपासून नळापर्यंत जात होती, परत येत होती, पदर खोचत होती, काढत होती. कपाळावर घाम. मी नुसतीच जवळ जाऊन उभी राहिले.

“हुबी काय ऱ्हातीस?” ती खेकसली. “बोल की कायतरी. कायबी बोल.”

मग कॉलेजातल्या मैत्रिणींचं सांगायला लागले, बसमधल्या कंडक्टरचं, जे कधीच घरी सांगितलं नव्हतं ते सगळं. आई वळली की मी वळत होते. आत बाळ रडून थांबलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वहिनी दारात येऊन बघून गेली. मी गप्प झाले की आई म्हणायची, “म्होरं?”