वितळवलेल्या नाण्याचा लिलाव

ती केस विसरलो असतो तर बरं झालं असतं. निवृत्तीनंतर कितीतरी प्रकरणांचे तपशील पुसले गेले. ही तेवढी जशीच्या तशी राहिली आहे.

तेव्हा मी रायपूरमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. चौबे कॉलनीतले एक निवृत्त रेल्वे अधिकारी तक्रार घेऊन आले. आमच्यासारखेच विदर्भातून येऊन इथलेच झालेले. कपाटातून एक नाणं गेलं होतं. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानिकानं पाडलेलं, चांदीचं. थालर म्हणतात त्याला. जगात मोजकीच उरली आहेत. सोबत त्यांनी फाइल आणली होती. ते नाणं आजवर कोणकोणत्या लिलावांत विकलं गेलं, त्याची कात्रणं, फोटो, वजन. आमच्या सर्व्हिस बुकात बदल्यांच्या नोंदी असतात तशा. फोटोत संस्थानिकाच्या दाढीखाली एक खाच दिसत होती. "ही खाच दुसऱ्या कोणत्याच नाण्यावर नाही," ते म्हणाले.

मी फाइलची नक्कल ठेवून घेतली आणि बाजूला सारली. कपाट किल्लीनं उघडलेलं होतं. घरात ते, त्यांचा मुलगा आणि धुणंभांड्याला येणारी एक बाई. मुलाला मी चार प्रश्न विचारले, तेही त्याच्याच घरी, चहा पीत. बाईला ठाण्यात बोलावलं. हा फरक तेव्हा माझ्या लक्षातही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुखबिरानं खबर आणली की बाई गुढियारीतल्या एका सराफाच्या दुकानात दिसली होती. ती राहायलाही त्याच वस्तीत. विधवा, एक मुलगी. महिला शिपाई शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली. "जोडवे पाहाले गेली होती साहेब. पोरीची सगाई हाय पुढच्या महिन्यात," एवढंच ती सांगत राहिली. मी हात उचलला नाही. तशी गरज नसते. सकाळी बोलवायचं, बाकावर बसवून ठेवायचं, तेच तेच विचारायचं, सूर्य मावळायच्या आत सोडायचं आणि उद्या पुन्हा बोलवायचं. तेवढ्यात तिची दोन घरची कामं सुटली. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "कबूल करून टाक बाई. नाही तर पोरीलेही बोलवा लागन."

ती म्हणाली, "हव साहेब. मीच नेलं. त्याच दुकानात देलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण तिच्यावरून माल निघाला, तर तेवढा भाग टिकतो. म्हणून आमची सगळी धडपड मालासाठी असते. सराफ आधी नाही म्हणाला. ठाण्यात चल म्हटल्यावर आत गेला आणि चांदीची एक लगड आणून समोर ठेवली. "गला दिया साहब." वजन नाण्याच्या जवळपास भरलं. पंच बोलावून जप्ती पंचनामा केला. पेपरात फोटो आला. टेबलावर लगड, मागे आम्ही सारे, मध्ये पदरानं तोंड झाकलेली ती. मला रिवॉर्ड मिळालं. तिला जामीनदार मिळेपर्यंत दोन महिने तुरुंगात गेले.

काही महिन्यांनी तक्रारदार पुन्हा आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. हातात परदेशातल्या एका लिलावाचं नवं कॅटलॉग होतं. नाणं गेलं तरी कॅटलॉग चाळायची सवय गेली नव्हती. पानावर तेच नाणं, दाढीखाली तीच खाच. खाली आधीच्या लिलावांची सगळी यादी. शेवटची खरेदी त्यांनी एका संग्राहकाकडून खासगीत केली होती; ती कुठेच छापलेली नव्हती, फक्त फाइलमध्ये होती. या यादीत तीही होती.

"माह्या घरातल्या माणसाशिवाय हे कोणी देऊ शकत नाही," ते म्हणाले. "माह्या पोराले बोलवा साहेब."

मुलगा अर्ध्या तासात बोलला, नाणं त्यानंच विकलं होतं. वडिलांनी सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचं लिहून ठेवलं होतं, ते त्याला खुपत होतं. पुढे कोर्टात म्हाताऱ्यानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

मी सराफाकडे गेलो. ती चांदी कुणाची होती, विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "माल आपने माँगा था साहब, दे दिया. दुकान तो चलानी है न." चांदी त्याचीच होती. त्याच्यावर राग काढावा असं तोंड मला उरलं नव्हतं. असा माल मी आधी किती वेळा जप्त केला असेल, ते मला आजही सांगता येत नाही.

बाई निर्दोष असल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि तिला सांगायला स्वतः गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. उठली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे पोरीच्या सासरच्याइले सांगाल का साहेब? त्याइनं सोयरीक तोडली."

मी त्याच दिवशी पंडरी वस्तीत मुलाकडच्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, सारं ऐकून घेतलं. मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं. परत जाऊन हे तिला सांगणं माझ्यानं झालं नाही. शिपायाकडून निरोप धाडला. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर वितळलेला माल समोर आला की मी आधी सराफाचं जुनं रजिस्टर मागायचो, कबुली पटकन मिळाली की तपास पुन्हा पहिल्यापासून तपासायचो. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच शिकवलं. सहकारी समजूत काढायचे, तपासात चूक होते म्हणून. मी त्याला चूक म्हणत नाही. त्या बाईच्या कबुलीत एकच गोष्ट खरी होती, पोरीला ठाण्यात यावं लागू नये ही धास्ती. ती मला तेव्हाच ऐकू आली होती, आणि मी तिचाच उपयोग केला.