प्रिन्सिपॉल म्हणून माझं नाव

“ताई, उद्या फॉर्म भरायला जाते आहे. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. प्रिन्सिपॉल तुम्हीच आहात म्हटल्यावर मला कसली काळजी!”

ज्योती साळुंखेनं माझ्यासमोर एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक उघडलं. बडोद्याहून सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नव्या नर्सिंग स्कूलचं. आत पांढऱ्या गणवेशातल्या हसऱ्या मुली, एक मोठी इमारत, आणि शेवटच्या पानावर माझा फोटो. खाली ‘श्रीमती सुनंदा मोहिते, प्रिन्सिपॉल’. माझं शिक्षण, अनुभवाची वर्षं, सगळं अचूक.

ती शाळा मी कधी पाहिलीही नव्हती.

मी तेव्हा बडोद्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सिस्टर ट्यूटर होते. म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणारी नर्स. सकाळी वर्ग घ्यायचा, मग मुलींबरोबर वॉर्डात उभं राहायचं. सरकारी नोकराला बाहेर दुसरी नोकरी करता येत नाही. केली तर सस्पेंड. माझ्या निवृत्तीला आठ वर्षं होती.

“मला वाटलं, तुम्ही सरकारी सोडलं,” ज्योती म्हणाली. माझा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. “ताई, काय झालं?”

ज्योती गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीतच राहायची. कोयलीजवळच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिथे नवं ऑटोमॅटिक एक्स्चेंज बसलं आणि तीन ऑपरेटरना व्हीआरएस देऊन घरी पाठवलं. त्याआधी दोन वर्षं तिनं लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं केलं होतं. त्यांना शेवटपर्यंत एकही बेडसोअर झाला नाही. अंथरुणात पडून पडून होणारी जखम टाळणं किती कठीण असतं, ते आम्हा नर्सेसना माहीत. नर्सिंगला जा, असं मीच तिला म्हटलं होतं. पण तिचं वय मर्यादेला टेकलं होतं. सरकारी शाळेच्या यादीत ती वेटिंगवर होती. यंदा प्रवेश मिळाला नाही तर पुढच्या वर्षी तिला कुठेच घेतलं नसतं.

“उद्या मी तुझ्याबरोबर येते,” मी म्हणाले. “तोपर्यंत कुठेही सही करू नकोस.”

सहीचा शब्द तोंडातून गेला मात्र, मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका ट्रस्टच्या शिबिरात मी प्रथमोपचारावर दोन व्याख्यानं दिली होती. जयेशभाई नावाचे ट्रस्टी निघताना म्हणाले, “बेन, फाइलसाठी सर्टिफिकेटच्या झेरॉक्स द्या, एक फोटो द्या, आणि इथे जरा सही.” तीन कागद होते, इंग्रजीत. रिक्षा थांबलेली होती. मी त्यांच्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिन्हींवर सह्या केल्या. वाचलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. माहितीपत्रकातली इमारत तिथे नव्हती. होतं ते दुमजली शॉपिंग सेंटर. खाली टायरचं आणि खताचं दुकान, वर शाळा आणि शाळेचं हॉस्पिटल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नर्सिंग पुस्तकातून शिकता येत नाही. म्हणून शाळेला स्वतःचं किंवा जोडलेलं हॉस्पिटल लागतं. त्याला पेरेंट हॉस्पिटल म्हणतात. तिथे पुरेशा खाटा, पुरेसे पेशंट, शिकवायला ट्यूटर आहेत ना, हे नर्सिंग कौन्सिलची माणसं येऊन तपासतात. मग मान्यता. मान्यता नसेल तर कोर्सच्या शेवटी रजिस्ट्रेशन होत नाही. रजिस्ट्रेशन नसलेली नर्स कायद्यानं नर्सच नसते. तीन-साडेतीन वर्षं गेली ती गेली.

“मान्यतेचं पत्र बघायला मिळेल?” मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. नाव सांगितलं नाही.

“अप्लाय केलेलं आहे ने. आवी जशे.” येऊन जाईल म्हणे. “पहिली बॅच तर चालू पण झाली.”

ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला घेऊन सरळ वॉर्डात शिरले. कोणी अडवलं नाही. नर्सच्या चालण्यावरून माणसं तिला आपोआप वाट देतात.

वॉर्डात वीस खाटा होत्या. चादरी घडी न मोडलेल्या. एकोणीस खाटा रिकाम्या. पण प्रत्येक खाटेला टीपीआर चार्ट लटकत होता. ताप, नाडी, श्वास दर काही तासांनी नोंदवायचा तो कागद. मी रिकाम्या खाटेचा एक चार्ट उचलला. नाव होतं, आजार होता. उद्याच्या संध्याकाळपर्यंतचा ताप आजच भरून ठेवलेला होता. तपासणी होणार असावी, त्याची तयारी.

मी चार्ट होता तिथे परत लटकवला. आजवर आळस पाहिला होता, चुका पाहिल्या होत्या. हे निराळं होतं. आणि या सगळ्यावर प्रिन्सिपॉल म्हणून मी होते.

कोपऱ्यातल्या खाटेवर मात्र एक खरा पेशंट होता. सत्तरीचे म्हातारे काका, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेले. सलाइन चालू होतं. शेजारी गणवेशातली एक मुलगी उभी, अठराएक वर्षांची. तिच्या हातात भरलेली सिरिंज. सलाइनच्या नळीला खालच्या बाजूला रबराचा एक तुकडा असतो. त्यातून सुई घालून औषध थेट शिरेत देता येतं. तिनं सुई त्या रबराला लावली होती. पलीकडे ट्रेमध्ये फोडलेली अँप्यूल पडली होती. सवयीनं माझी नजर लेबलवर गेली.

पोटॅशियम क्लोराइड.

जुलाबात शरीरातलं पोटॅशियम जातं, म्हणून डॉक्टर ते देतात. पण ते पाचशे मिलीच्या बाटलीत मिसळून, थेंबाथेंबानं, काही तासांत. तेच सिरिंजनं एकदम शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. माणूस हाक मारायच्या आत जातो.

मी ओरडले नाही. मुलगी दचकली असती तर तिचा अंगठा दाबला गेला असता. दोन पावलांत पोचले, तिचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, “बेटा, हात मागे घे. सुई बाहेर.”

सुई बाहेर आली. मी सिरिंज हातात घेतली. दट्ट्या जराही हलला नव्हता, हे दोनदा पाहिलं. काकांची नाडी धरली. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजली.

“बेन, आ सीधुं ज आपवानुं ने?” मुलीनं विचारलं. हे सरळच द्यायचं ना?

“तुला कोणी सांगितलं?”

“डॉक्टरसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, एक पोटॅशियम देऊन टाक. काउंटरवरच्या बेननी निरोप दिला.”

“तुझी सिस्टर कुठे आहे? ट्यूटर?”

“ट्यूटर नथी, बेन. प्रिन्सिपॉल मॅडम येणार आहेत म्हणतात. चार महिने झाले.”

तिचं नाव तृप्ती. सावलीजवळच्या गावातली. मी तिला बाटलीत औषध कसं मिसळायचं ते दाखवलं, थेंब मोजून दिले. आणि सरळ दिलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. सांगावं की नाही, क्षणभर विचार केला होता. पण न सांगितलं तर तिनं पुढच्या वेळी दिलं असतं. ती खाली बसली. ज्योती तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं तिचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात जयेशभाई आले. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“आवो आवो, बेन! आमच्या प्रिन्सिपॉल आल्या. चहा मागवतो.”

“माझं नाव काढा,” मी म्हणाले. “आणि जोवर शिकवणारं कोणी नाही तोवर या मुलींना औषधांना हात लावू देऊ नका. आत्ता इथे माणूस गेला असता.”

“गेला नाही ना?” ते शांतपणे म्हणाले. त्यांनी ऑफिसातून फाइल आणवली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. शाळा सुरू झाल्यावर मी प्रिन्सिपॉल म्हणून रुजू होईन, असं संमतिपत्र. खाली माझी सही. “सही तुमचीच आहे ने, बेन? सरकारी नोकरीत राहून तुम्ही आम्हाला लिहून दिलं. मी तर काही बोलत नाही. तुम्ही पण बोलू नका. कशाला दोघांनी त्रास काढायचा?”

येताना रिक्षात ज्योती म्हणाली, “ताई, मी आता इथे येणार नाही. झालं. तुम्ही उगाच अडकू नका.”

हा सोपा मार्ग होता. ज्योती वाचली होती. काका वाचले होते. गप्प बसायला काहीच मोजावं लागणार नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो अंगठा जात नव्हता. ती मुलगी उद्याही ड्युटीवर असणार होती.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तू तक्रार लिहिलीस की पहिली तुझी नोकरी जाईल. ती माणसं सुटतील.” ते खोटं नव्हतं.

सकाळी मी मेट्रन परेरा मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. मॅडम कडक. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

“कागद वाचला नाहीस?”

“नाही, मॅडम.”

“ड्रग चार्ट न वाचता औषध देतेस का कधी?”

“कधीच नाही.”

“मुलींना काय शिकवतेस? चूक झाली की आधी काय करायचं?”

“लिहायचं.”

“मग लिही. आधी स्वतःची चूक. मग त्यांची. उलट्या क्रमानं लिहिलंस तर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

मी दोन पानं लिहिली. पहिल्या परिच्छेदात माझी सही. दुसऱ्यात रिकाम्या खाटांचे चार्ट. तिसऱ्यात पोटॅशियम. एक प्रत आमच्या हॉस्पिटलच्या साहेबांना, एक कौन्सिलला.

त्यानंतरचे अडीच महिने मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मला शो-कॉज नोटीस आली. एका दुपारी दोन माणसं सोसायटीत येऊन वॉचमनला विचारून गेली, मोहितेबेन किती वाजता परततात, कुठल्या रस्त्यानं येतात. ती कोण होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी रस्ता बदलला. पाठीमागे स्कूटर मंदावली की मी जवळच्या दुकानात शिरायचे. घरचा फोन वाजला की हे उचलायचे, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ज्योती रोज संध्याकाळी स्टॉपवर येऊन थांबायची. म्हणायची, “भाजी घ्यायला आले होते.” पिशवी रिकामी असायची.

चौकशीत तिनं साक्ष दिली. तृप्तीनंही दिली. ते मात्र मी अपेक्षिलं नव्हतं. चार ओळींत तिनं सांगितलं: सुई मी लावली होती, मला कोणी शिकवलं नव्हतं, या बेननी हात धरला.

कौन्सिलची माणसं न कळवता गेली. शाळेला मान्यता मिळाली नाही. दरवाज्याला कुलूप लागलं. जयेशभाईंचं पुढे काय झालं, म्हणाल तर काहीच नाही. मुलींचं मात्र झालं. एकवीस जणींचं वर्ष बुडालं. तृप्तीचे वडील माझ्या वॉर्डात आले. हातात तिचं गणवेशाचं बोचकं. म्हणाले, “तमारुं नाम जोईने मूकी हती.” तुमचं नाव बघून घातली होती. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत. तृप्तीनं पुढच्या वर्षी एका मिशनच्या शाळेत पहिल्यापासून सुरुवात केली, एवढं कानावर आलं.

माझ्या सेवापुस्तकात ठपका लागला आणि दोन वर्षं शिकवण्याचं काम काढून घेतलं. नोकरी राहिली. वेटिंग लिस्ट हलली आणि ज्योतीला सरकारी शाळेत शेवटची जागा मिळाली. होस्टेलच्या मुली तिला मावशी म्हणायच्या. आज ती ऑपरेशन थिएटर सांभाळते, आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडते.

अजूनही कोणी मुलगी, कोणी नोकरी गेलेली बाई येऊन विचारते, “सिस्टर, कुठली शाळा घेऊ?” मी नाव सांगत नाही. म्हणते, सकाळी दहाला त्यांच्या हॉस्पिटलात जा. हातात सिरिंज असलेली विद्यार्थिनी शोध. तिच्या शेजारी शिकवणारी उभी असेल तर फॉर्म घे. नसेल तर फॉर्म घेऊ नकोस. पण तिला तशीच सोडून येऊही नकोस.