दाराशी टांगलेला कोट

धुळ्याच्या उन्हाळ्यात लोकरीचा कोट दाराशी टांगून ठेवणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि ते माझे साडू होते. उमेदीची वर्षे त्यांनी सरकारी नोकरीत, हिमालयातल्या एका चौकीवर काढली. वर पाऊस पडला तर नदी लगेच फुगते, बर्फ पडला तर पाणी उन्हाळ्यापर्यंत थांबते. दोहोंपैकी काय पडणार, हे आधी सांगणे त्यांचे काम. निवृत्त होऊन ते धुळ्याजवळच्या आपल्या गावी आले, पण प्रश्न सुटला नाही. ओसरीत दोन तापमापक असत, एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओले फडके. "कोरडा हवेचं सांगतो, ओला पडणाऱ्याचं," असे ते म्हणत. मेहुणीने एकदा ते फडके धुण्यात टाकले, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. ढग दिसला की फडके भिजवून, कोट हातात घेऊन उंबऱ्यावर उभे राहत. पारावरून कोणी ओरडे, "आबा, आज काय पडी? पानी का बरफ?" चेष्टा त्यांना कळे. तरीही गंभीरपणे सांगत, "पाणी. जा."

कोटाचे कारण मेहुणीने सांगितले. चौकीवर एकदा त्यांनी 'पाऊस' सांगितला. त्या शब्दावर सोबती कोट खुंटीला ठेवून, छत्री घेऊन टपाल आणायला खाली उतरला. बर्फ पडला. तो सापडला नाही, उरला तो हा कोट.

एका चैत्रात मी तिथे होतो. दुपारी आभाळ शेवाळी झाले, चिमण्या गप्प झाल्या, ओल्या तापमापकाचा पारा उतरू लागला. शेजारचा दगडू शेळ्या आणायला निघाला.

"थांब. बर्फ आहे."

"आबा, हाई धुळं शे!"

तो थांबेना. साडूंनी कोट त्याच्या डोक्यावर टाकला. पाठोपाठ गारा आल्या. गारा थांबाव्यात म्हणून मेहुणीने रीतीप्रमाणे अंगणात कुऱ्हाड फेकली. शिवार पांढरे झाले. साडू दारातून हलले नाहीत.

दगडू परतला. शेळ्या होत्या, डोके शाबूत होते, कोट नव्हता.

"नालाजोडे एक माणूस उभा व्हता, आबा. हातमा मोडेल छत्री. थंडीघाई कापी राहिंता. गारा थांबन्यात, मंग मी कोट दी टाका."

साडूंनी एवढेच विचारले, "अंगाला बसला?"

"जशा तेनाच व्हता."

मी असल्या गोष्टी मानत नाही. मात्र त्यानंतर ते फडके कोरडेच राहिले, आणि पारावरून कोणी विचारले तर साडू हसून म्हणत, "मला काय ठाऊक?" आता ते नाहीत. मेहुणी दाराजवळच्या त्या खुंटीला काही टांगू देत नाही. परवा तिथून निघालो तेव्हा आभाळ भरून आले होते. उंबऱ्यावर मी जरा रेंगाळलो. 'थांब' म्हणायला कोणी नव्हते.