आप्पांपासून लपवलेलं काम

मी इंग्लंडला निघाले तेव्हा आप्पा घरी नव्हते. महाडच्या पुढं, भात कापलेल्या एका शेतात मेंढरं बसवून होते. आम्ही फलटणकडचे धनगर. दिवाळी झाली की माझे वडील कळप घेऊन घाट उतरतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. विमान चार दिवसांवर आलं होतं, म्हणून मी एसटीनं महाड गाठलं, तिथून रिक्षा केली आणि शेवटचे बांध तुडवत गेले. आप्पा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही. काटा निघाल्यावर म्हणाले, "तिकडं मेंढरं हायत का?"

"आहेत आप्पा. खूप आहेत."

"मग माणसं बी बरी असतील."

एवढाच निरोप. आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि मी दिसेनाशी होईपर्यंत ती बांधावर उभी राहिली. आप्पा तोवर दुसरी मेंढी धरायला गेले होते.

मी आमच्या घरातली पहिली शिकलेली, जनावरांची डॉक्टर. नवरा सचिन सॉफ्टवेअरमध्ये, तो आधीच वॉटफर्डला आला होता. त्याच्या व्हिसावर मी आले आणि कळलं, की इथली वेगळी परीक्षा दिल्याशिवाय माझ्या डिग्रीवर मला कुत्र्याच्या शेपटीलाही हात लावता येणार नाही. त्यात रेवा झाली. ती नर्सरीत जायला लागल्यावर मी मिळेल ती नोकरी शोधली आणि मिळाली ती एका रिसर्च युनिटमध्ये, प्राण्यांची देखभाल करण्याची.

काम काय, ते सरळ सांगते. रक्तात शिरलेले जंतू कधी कधी हृदयाच्या झडपेवर ठाण मांडतात. तिथं त्यांची गाठ बनते आणि औषध त्या गाठीच्या आतपर्यंत नीट पोचत नाही. अशा पेशंटला आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, तरी तो वाचेलच असं नाही. काही जंतूंना तर नेहमीचं औषध लागूच पडेनासं झालंय. त्यांच्यावर दोन औषधं एकत्र देऊन काय होतं, हे आमच्याकडे पांढऱ्या उंदरांवर तपासतात. उंदराला भूल देऊन मानेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवतात, मग जंतू टोचतात. त्यानंतरची देखभाल आणि औषधाची इंजेक्शनं माझ्याकडे. आणि शेवटी, उंदीर बरा झालेला असो वा नसो, त्याला मारावं लागतं. झडप बाहेर काढून बघितल्याशिवाय जंतू मेले की नाही ते समजत नाही.

हे शेवटचं काम पहिल्यांदा स्वतःच्या हातानं केलं त्या दिवशी मी चेंजिंग रूममध्ये बसून राहिले. आमची सीनियर जीन, साठीची, फटकळ बाई, माझ्यापुढं चहाचा मग ठेवून म्हणाली, "वाईट वाटलंच पाहिजे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मी तुला इथं ठेवणार नाही."

घरी फोनवर मी सांगितलं, दवाखान्यात लागलेय. इथं आलेल्या प्रत्येकानं एखादी तरी गोष्ट अशी झाकून सांगितलेली असते. कुणी नोकरी गेल्याचं, कुणी एकटं राहत असल्याचं. मागं राहिलेल्यांना काळजी नको म्हणून. माझं कारण तेवढं चांगलं नव्हतं. काट्यासाठी मेंढीपुढं तासभर उकिडवं बसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

ते रेवानं सांगून टाकलं. सात वर्षांची, इथंच जन्मलेली. व्हिडिओ कॉलवर आप्पांना म्हणाली, "आजोबा, मम्मी उंदीरला इंजेक्शन देतो! मग ते die होतो."

आप्पांनी मला समोर बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"बरी व्हत्यात का?"

"काही होतात."

"मग सोडता?"

"नाही आप्पा."

त्यांनी फोन आईकडं दिला. त्यानंतर दर रविवारी आई म्हणायची, "आप्पा भाईर गेल्यात." दोन महिने ते बाहेरच होते.

त्याच दिवसांत युनिटमध्ये एक गोष्ट माझ्या नजरेत आली. आमच्याकडे नियम होता, की आजारी उंदराचं वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की त्याला जास्त सोसू द्यायचं नाही, तिथंच संपवायचं. पिंजऱ्यात आम्ही कागदाच्या पट्ट्या टाकतो. ठणठणीत उंदीर त्या कुरतडून कोपऱ्यात गादी करतो. एके सकाळी एकाच्या पट्ट्या तशाच पडलेल्या दिसल्या. वजन बरोबर, पण कागदाला तोंड लावलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पाठ फुगवून, केस पिंजारून बसला होता. मग मी रोज कागदाकडंच बघायला लागले आणि तीन आठवडे वहीत लिहून ठेवलं.

जीननं मला संशोधनाचे प्रमुख डॉक्टर ग्विन यांच्यापुढं उभं केलं. ते म्हणाले, "आपल्याकडे वजनाचा आकडा आहे ना?"

"वजन नंतर उतरतं," मी म्हणाले. "त्याच्या आधी एक दिवस त्याला दुखत असतं."

त्यांनी उभ्या उभ्या वही चाळली, मग खुर्ची ओढून पहिल्या पानापासून वाचली. त्या महिन्यात नियम बदलला. कागदाला तोंड न लावणाऱ्या उंदराकडं जास्त वेळा बघायचं आणि दुसरं काही लक्षण दिसलं तर वजनाची वाट बघायची नाही. वाचला तो एकच दिवस. पण तोच सगळ्यात वाईट असतो.

पुढं निकाल आले. ग्विननी मुद्दाम मला लॅबमध्ये बोलावलं. उंदरांच्या झडपांतले जंतू ज्यांत वाढवून बघतात त्या छोट्या प्लेट्स तिथं मांडल्या होत्या. एकच औषध दिलेल्या गटाच्या प्लेट्सवर जंतूंचे ठिपके होते. दोन्ही औषधं दिलेल्या गटाच्या जवळजवळ सगळ्या प्लेट्स कोऱ्या होत्या. "पेशंटपर्यंत पोचायला अजून बराच पल्ला आहे," ते म्हणाले, पण चेहरा फुलला होता. मलाही आनंद झाला. आणि त्या प्लेट्स ज्यांच्या होत्या ते उंदीरही आठवले. दोन्ही एकदमच झालं, त्याला काही इलाज नाही.

रविवारी आईला हे सगळं सांगितलं. ती नुसती हं हं करत होती. तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला पहिला.

"ते कागदाचं परत सांग."

मी सांगितलं.

"मेंढराचं बी तसंच. रवंथ सोडलं की वळखायचं. वजन मागनं उतरतंय." मग म्हणाले, "तुमी ल्हान व्हता तवा, पाळल्यालं कोकरू दिसलं न्हाय की रडायचा. मी सांगायचो, मामाच्या गावाला गेलं."

"आम्हाला माहीत होतं आप्पा."

"म्हाईत व्हतं?"

"दादाला आधी कळलं. मग त्यानं मला सांगितलं."

"मग बोलली का न्हाईस कवा?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आप्पा हसले. "म्हंजे मला दवाखाना सांगितलास, त्यो बी त्याच्यापायीच."

गेल्या महिन्यात रेवाच्या शाळेत पालकांनी आपापल्या कामाविषयी बोलायचं होतं. आजवर शाळेच्या फॉर्मवर मी "हेल्थकेअर" असं मोघम लिहीत आले होते. या वेळी मुलांना झडप, जंतू, औषध, शेवटी काय करावं लागतं, सगळं त्यांना झेपेल असं सांगितलं. एका मुलीनं हात वर केला. "तुम्ही त्यांना सॉरी म्हणता का?"

"रोज."

"मराठीमध्ये म्हणतो," रेवा जागेवरून ओरडली आणि वर्ग हसला.

बसस्टॉपवरून मी आप्पांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "खरं सांगितलंस?"

"सगळं."

"कुणी रडलं का?"

"एक जण."

"मग बराबर सांगितलंस. आता घरी जा. पोरीला भूक लागली आसंल."

इतकी वर्षं आमच्या वॉटफर्डच्या फ्लॅटला आप्पा "तिकडची खोली" म्हणत आले होते. मी फोन पर्समध्ये टाकला, रेवाचा हात धरला आणि आम्ही घरी गेलो.