कमळाआत्याने वाटलेली गोळी

कमळाआत्या भिवंडीच्या बाजारात सुकी मासळी विकायची आणि उरलेले बोंबील आपल्या गावी, वळला, परतल्यावर आळीत वाटून टाकायची. कोणाला काही द्यायचं म्हटलं की तिचा हात आखडत नसे. २००६ साली तिला ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टर विनिताबाईंनी रोज सकाळी एक गोळी लावून दिली. महिन्याभरात आत्या ठणठणीत झाली, आणि त्या गोळीवर तिची भक्तीच बसली.

एका सकाळी शेजारची सीताबाई ओट्यावर डोकं धरून बसली होती. दोन दिवस जुलाबांनी तिला पार पिळून काढलं होतं.

"डोकं गरगरतंय गो," ती म्हणाली.

"मंग तुलाबी बीपीच हाय," म्हणत आत्याने आपली एक गोळी तिच्या हातावर ठेवली. दुपारी आणखी एक दिली. संध्याकाळी सीताबाई उठायला गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती उंबऱ्यावर कोसळली. कपाळाला खोक पडली.

आत्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन चढलं, टाके पडले. आत्याने गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "मीच दिली. काय बोलायचं ते मना बोला."

विनिताबाई रागावल्या नाहीत. "आत्या, तुमच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. गोळी त्या सैल करते, म्हणून रक्ताचा जोर उतरतो. यांचा जोर जुलाबांनी आधीच उतरला होता. गोळीने तो आणखी खाली नेला."

"मंग मीबी न्हाय खायची आता."

"तुम्ही मनाने बंद करायची नाही! बरं वाटतंय ते गोळीमुळेच. सोडलीत तर प्रेशर गुपचूप चढेल. एखाद्या दिवशी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मीठ कमी. आणि या गोळीने कधी पाय सुजतात, तसं झालं तर मला येऊन दाखवायचं."

आत्याने ओशाळून लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. "सुजलेत ना. पंधरा दिस झाले."

"आणि आज सांगता?" विनिताबाईंना हसू आलं. त्यांनी तिचं प्रेशर मोजलं, पाय तपासले आणि गोळी कमी ताकदीची करून दिली.

टाके निघेपर्यंत आत्या रोज पेज घेऊन सीताबाईच्या उशाशी बसायची. एकदा तिचे डोळे भरून आले.

"रडू नको गो," सीताबाई म्हणाली. "तू दिली, पण घेतली मीच ना?"