आईचा टॅब जरासा पुढे

आमची ताई वेबसाइट बनवते. तिच्या कामाबद्दल बाबा पाहुण्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून मोकळे होतात. हट्टी इतकी, की पानावरचं एखादं बटण मनासारखं चाललं नाही तर समोरचं ताट गार होतं.

आईचे कान हळूहळू गेले. कानातल्या यंत्राने तिला नुसता गोंगाट ऐकू यायचा, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून असतं. रविवारी आम्ही मोठ्या पडद्यावर विनोदी नाटक लावतो. पडद्यावरची अक्षरं आईला लांबून दिसत नाहीत, म्हणून ताईने तिच्या मांडीवर टॅब दिला. संवाद त्यावर उमटायचे, पण टॅब आपल्याच चालीने चालायचा. बाबा पाणी प्यायला नाटक थांबवायचे आणि टॅब पुढे पळायचा. आम्ही हसलो की आई विचारायची, "काय झालं?"

"काही नाही, नंतर सांगतो," आम्ही खुणेने सांगायचो. ते नंतर कधी उजाडायचं नाही. पुढे तर आई आमची तोंडं बघून हसायला लागली. मला ते हसू बघवत नसे, आणि ताईने ते फारच मनावर घेतलं.

तिने जावास्क्रिप्टची एक लायब्ररी शोधली, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता कोड. वेगवेगळ्या ब्राउझरमधली पानं ही लायब्ररी एकाच घड्याळाला बांधते. पडद्यावर नाटक थांबलं की टॅबही थांबणार. बाबांनी ताईची फजिती करायला मुद्दाम पुन्हा पुन्हा नाटक थांबवलं, मागे नेलं. टॅब गुमान त्यांच्यामागे गेला.

तरी आई उशिराच हसली. ताईचा चेहरा पडला.

"अक्षरं वेळेवर येतात गं," आई तिची समजूत काढत म्हणाली. "मीच वाचायला मागे पडते. नको एवढं डोकं फोडूस."

ऐकेल तर ती ताई कसली. घड्याळ एकच ठेवून एखादं पान त्याच्या थोडं पुढे चालवायची सोय त्याच लायब्ररीत होती. आईला वाचायला लागतो त्याहून जरासा जास्तच वेळ तिने टॅब पुढे सरकवला आणि कोणाला काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी नाटकातला भाडेकरू घरमालकाच्या पलंगाखाली लपला होता. मालक पलंगावर बसला, अजून तोंडही उघडलं नव्हतं त्याने. आम्ही सगळे गप्प होतो.

आणि आई हसली. कोणाच्या तोंडाकडे न बघता, खांदे हलेपर्यंत हसली. माझा जीव सुपाएवढा झाला. ताईने ओढणीने डोळे पुसले.

बाबा गोंधळून आईकडे वळले. "काय झालं?"

तो प्रश्न आईला ओठांवरूनही कळला. इतकी वर्षं तिचाच होता तो. टॅबवरची नजर न काढता तिने हात हलवला.

"काही नाही, नंतर सांगते."